जुन्या बुलेटला हात लावण्याआधी

राखणारा : 1978ची बुलेट 350. बिडाचं सिलिंडर, उजव्या पायाचा गिअर, सहा व्होल्टची वायरिंग. अशी गाडी तुझ्या हातात आली आणि तू बेत काय केलास, तर हेडलाइटभोवतीचं अख्खं कॅस्केट उतरवायचं, बाजूच्या दोन्ही पेट्या काढायच्या, बॅटरी सीटखाली न्यायची आणि वायरी डोळ्यांआड करायच्या. तुझी हौस मला कळते. पण कॅस्केटला तू झाकण समजतो आहेस, आणि ते झाकण नाही. 1954च्या सुमारास रॉयल एन्फिल्डने हा ओतीव तुकडा आणला, तेव्हा हेडलाइट, दोन बाजूंचे छोटे पायलट दिवे, स्पीडोमीटर, अ‍ॅमीटर असं सगळं त्यात बसवलं आणि शिवाय त्याच तुकड्याला फोर्कच्या वरच्या पकडीचं काम दिलं. फोर्कच्या दोन्ही नळ्यांची वरची टोकं त्यात बसतात, हँडल त्यावर आवळलं जातं. ते उतरवलंस की पुढचं चाक सरळ धरून ठेवणारी वरची पकडच जाते. ती तुला नव्याने घडवावी लागेल. बॅटरीचा ट्रे वाकवणं आणि ही पकड घडवणं ही एका पंगतीतली कामं नाहीत, आणि तू दोन्ही एकाच यादीत लिहिली आहेस.

घडवणारा : यादी वेगळी करायला हवी, हे पटलं. पण काका, तुम्ही जे वाचवू पाहताय ते गाडीत उरलंय किती, ते आधी बघू. कॅस्केट उघडलं तर आत जोडावर जोड, आणि प्रत्येक जोडाची टेप वेगळी. मूळ वायरीचं प्लास्टिक इतकं कडक झालंय की वाकवली की तडकते. हँडल वळतं तिथे, स्टिअरिंगच्या मानेपाशी, वर्षानुवर्षं इकडून तिकडे वाकून आतल्या तारा तुटत आल्यात, तांबं हिरवं पडलंय. हॉर्न दुसऱ्याच गाडीचा आहे, इंडिकेटर मागून बसवलेत. मी पुण्यात नाना पेठेत किंवा दिल्लीला करोल बागेत जाऊन सगळं मूळसारखं दिसणारं सामान आणू शकतो. पण ते सामान आजचं असतं. आज ओतलेलं, आज क्रोम केलेलं, आणि भोकं जुळत नाहीत म्हणून कानस घेऊन बसायला लावणारं. तुमचं जतन म्हणजेही घडवणंच झालं, नमुना तेवढा कंपनीचा.

आणि कंपनीने तरी गाडी तशीच कुठे ठेवली? 1955मध्ये एन्फिल्ड इंडिया उभी राहिली तेव्हाची बुलेट आणि 2010च्या आसपास बिडाचं इंजिन थांबलं तेव्हाची बुलेट यांत सहाचे बारा व्होल्ट झाले, पॉइंट जाऊन इलेक्ट्रॉनिक इग्निशन आलं, गिअर उजवीकडून डावीकडे आला. मधे टॉरस नावाची डिझेल बुलेटही येऊन गेली. इंग्लंडमधल्या पोरांनी नॉर्टनच्या फ्रेममध्ये ट्रायम्फचं इंजिन बसवून ट्रायटन केल्या, लंडनच्या एस कॅफेवर त्या उभ्या राहायच्या. ते बघून 1965मध्ये रॉयल एन्फिल्डनेच कॉन्टिनेंटल जीटी कारखान्यातून विकायला काढली. गाडी कापून-जोडून आपली करणं ही या गाड्यांचीच परंपरा आहे, माझी नाही.

राखणारा : परंपरा आहे, मान्य. पण तू सांगितलेल्या बदलांमागे कोण उभं होतं ते बघ. कारखाना बदल करतो तेव्हा आधी ड्रॉइंग असतं. धातू कुठला, जाडी किती, भोक कुठे, कोपऱ्याला गोलाई किती, हे ठरलेलं असतं. मग गाड्या रस्त्यावर जातात, काही तुटतं, तक्रार येते, पुढच्या तुकडीत तो भाग जाड होतो. बाजूच्या पेटीत बॅटरी आहे ती अशा तक्रारी पचवून तिथे टिकली आहे. तुझ्या ट्रेला अशी एकही परीक्षा झालेली नाही.

आणि ही गाडी परीक्षा कडक घेते. एकच सिलिंडर, 70 मिलिमीटरचा बोअर, 90 मिलिमीटरचा स्ट्रोक, आणि पिस्टन वरखाली होताना जो धक्का बसतो तो पुरता मारणारं संतुलन या इंजिनात नाही. मिनिटाला 3,000 फेरे धर. म्हणजे सेकंदाला 50, तासाला 1,80,000 धक्के. साधारण छप्पन तास गाडी चालली की तुझ्या पट्टीने एक कोटी हेलकावे खाल्लेले असतात. पुणे-कोल्हापूर चार-पाच वेळा जाऊन आलास की एवढे तास झाले. धातू एका दणक्यात क्वचित तुटतो. एका कोपऱ्यात डोळ्याला न दिसणारी चीर पडते, ती रोज केसभर सरकते, आणि उरलेली जागा भार पेलेनाशी झाली की तुकडा पडतो. तोवर वरचा पेंट चकचकीत असतो.

घडवणारा : याच कारणासाठी मी ट्रे कसा करणार आहे ते ऐका, कारण लोक पत्रा वाकवला की झालं असं समजतात. आधी पुठ्ठा. पुठ्ठा कापून गाडीत बसवायचा, सीट लावायची, मागचं चाक पूर्ण वर आल्यावर मडगार्ड कुठवर येतं ते बघायचं, बॅटरी बाहेर काढायला हात जातो का ते बघायचं. पुठ्ठ्यावर चूक झाली तर खर्च शून्य. मग तो साचा 16 गेजच्या, म्हणजे साधारण 1.6 मिलिमीटरच्या माइल्ड स्टीलच्या पत्र्यावर आखायचा. जिथे दोन घड्या भेटतात त्या आतल्या कोपऱ्यात आधी छोटं गोल भोक पाडायचं, मगच काप द्यायचा. करवतीचा काप जिथे टोकदार संपतो तिथूनच चीर सुरू होते, गोल भोकाच्या कडेला ताण पसरतो. पत्रा लाटताना त्याला एक दिशा आलेली असते. घडी शक्यतो त्या दिशेला आडवी घ्यायची, आणि वाइसच्या धारदार जबड्यावर न ठोकता गोल कडेच्या पट्टीवर वाकवायची. कापलेल्या कडा कानशीने साफ करायच्या. हे हात कापू नये म्हणून करायचं असं लोकांना वाटतं, पण कडेवरची प्रत्येक बारीक खाच पुढच्या चिरेची सुरुवात असते.

ज्या पट्ट्यांवर ट्रे टांगायचा त्या 3 मिलिमीटरच्या. दोन ठिकाणी टांगलेली गोष्ट हलते, तीन ठिकाणी टांगलेली बसते. आणि ट्रे फ्रेमला वेल्ड करणार नाही. फ्रेमवर आधीपासून असलेल्या भोकांत रबराचे बुश घालून नायलॉक नटने आवळणार, म्हणजे इंजिनाची थरथर रबर खाईल.

राखणारा : ट्रेपुरतं तुझं बरोबर आहे. मी असतो तर मीही असंच केलं असतं, आणि आणखी एक पट्टी बॅटरीच्या वरून घेतली असती, कारण खड्ड्यात बॅटरी उडते. आता कॅस्केटकडे ये. वरची पकड तू कशाची करणार?

घडवणारा : अ‍ॅल्युमिनियमच्या जाड प्लेटची. बाजारात जिला एचई-30 म्हणतात ती. वेल्डिंग कुठेही नाही, एकाच प्लेटमधून मिलिंगवर काढायची. नळ्यांची दोन भोकं आणि मधलं स्टिअरिंगचं भोक एकाच बांधणीत बोअर करायचं, प्लेट मधे सोडायची नाही. सोडून पुन्हा बांधली की भोकांचे अक्ष समांतर राहत नाहीत, मग नळ्या एकमेकींना पीळ देतात, फोर्क अडखळतो, तेलाचे सील फाटतात.

राखणारा : हे करू शकणारी माणसं आहेत. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, पिंपरी-चिंचवडच्या गाळ्यांत असा टर्नर-मशिनिस्ट तुला भेटेल ज्याच्या हातातून मापाबाहेर काही जात नाही. माझी शंका त्याच्या हातावर नाही. शंका अशी आहे, की त्याला माप तू देणार, आणि तुला माप कोण देणार? प्लेटची जाडी किती पुरेल हे तू कशावरून ठरवलंस? दुसऱ्या कुणाच्या गाडीचा फोटो बघून? पोलादाचा एक गुण असा, की ताण एका मर्यादेखाली ठेवला तर तो कितीही हेलकावे सोसतो. अ‍ॅल्युमिनियमला तशी ठाम मर्यादा नाही. ताण लहान असला तरी हेलकाव्यांचा हिशेब कुठेतरी पूर्ण होतोच, म्हणून त्याला जादा जाडी द्यावी लागते. कारखान्याचं कॅस्केटही अ‍ॅल्युमिनियमचंच आहे, पण त्याची जाडी, आतल्या शिरा, कोपऱ्यांची गोलाई हे त्या हिशेबातून आलंय. ट्रे तुटला तर तू रस्त्याच्या कडेला उभा राहशील. ही पकड तुटली तर तू उभा राहणार नाहीस, आणि मागे बसलेलं माणूसही नाही.

घडवणारा : या मुद्द्यावर मी अडतो, हे खरं. म्हणजे घडवलेल्या भागांची वाटणी देखणेपणाने किंवा किमतीने करायची नाही. तुटल्यावर काय होतं त्यावरून करायची. बॅटरीचा ट्रे, कॉइलची पट्टी, नंबरप्लेटचं ब्रॅकेट, फ्यूजची पेटी हे माझ्या हातचं. पकड, ब्रेकचा टॉर्क झेलणारी पट्टी, चाकाचा आस, फूटरेस्टचा बार इथे हिशेब करू शकणाऱ्या माणसाचं डोकं आधी आणि माझा हात नंतर. पण काका, हाच नियम तुमच्या जतनाला लावा. मागच्या ब्रेकची मूळ पट्टी गंजून पातळ झालीय, तरी मूळ म्हणून लोक क्रोम करून परत लावतात. क्रोमच्या आधी तिला आम्लात बुडवतात, बफिंगला घासतात, ती आणखी पातळ होते. मूळ असण्याने भाग सुरक्षित होत नाही.

राखणारा : नाही होत. आणि क्रोमसाठी घासलेली ब्रेकची पट्टी मी कुणालाही लावू देणार नाही. पण तू एका वाक्यात फ्रेमला वेल्ड करणार नाही म्हणालास, ते मला धरून ठेवायचंय. पेट्या काढल्यावर फ्रेमवर त्यांचे छोटे कान उरतात. तुझ्या डोळ्याला ते खुपणार. ग्राइंडर हातात असला की ते उडवायला दोन मिनिटं लागतात. ते उडवलेस की पेट्या परत कधीच बसणार नाहीत.

घडवणारा : ते कान मी उडवणार होतो. आजही उडवावेत असं वाटतं. सीटखालून मागच्या चाकापर्यंत रिकामी जागा दिसावी, हेच तर सगळ्या बेताचं कारण आहे. त्या रिकाम्या जागेत तीन लोखंडी तुकडे लटकत राहिले तर काम अर्धवट दिसतं. यावर नंतर येऊ. आधी वायरिंग, कारण तिथे तुमचा विरोध जास्त आहे आणि माझी तयारीही जास्त आहे.

राखणारा : विरोध असा आहे, की माणसं वस्तू हलवतात आणि वस्तूबरोबर तिची कारणं हलवत नाहीत. रेग्युलेटर जास्तीचा प्रवाह उष्णता करून उडवतो. त्याला वारा लागतो आणि पाठीला धातू लागतो. दिसू नये म्हणून तो सीटखाली फोममध्ये कोंबला की पहिल्या उन्हाळ्यात मरतो, आणि मरताना बॅटरी उकळवून जातो. पाण्याची बॅटरी उभीच हवी, तिच्या व्हेंटची नळी चेन आणि फ्रेम टाळून खाली सोडलेली हवी. आडवी घातली की आम्ल फ्रेमच्या नळीवरून उतरतं आणि आतून खातं. या गाड्यांत बॅटरीचा प्रवाह आधी अ‍ॅमीटरमधून जातो, मग सगळीकडे फुटतो. कॅस्केटबरोबर अ‍ॅमीटर काढला आणि त्याची दोन टोकं जोडली नाहीत, तर गाडीला वीजच नाही. जोडली आणि मधे फ्यूज घातला नाही, तर कुठेही वायर घासली की आगीला वाट मोकळी. ब्रिटिश बनावटीच्या गाड्यांत तर बऱ्याचदा धन टोक फ्रेमला जोडलेलं असे. ते न बघता कुणी नवा रेक्टिफायर लावला की पहिल्याच किकला तो जळतो.

घडवणारा : एकेक घेतो. फ्यूज बॅटरीपासून जितका जवळ तितका चांगला, कारण बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या वायरीला कुणाचंच संरक्षण नसतं. माझ्या आराखड्यात तो बॅटरीच्या टोकापासून वीतभर अंतरावर आहे. रेग्युलेटर पुढे, इंजिनाखालच्या प्लेटच्या बाजूला, जिथे वारा आहे पण चाकाचा चिखल थेट उडत नाही. बॅटरी सीलबंद, एजीएम प्रकारची. ती आडवी चालते, उलटी मात्र नाही. लिथियमचा मोह मला झाला होता, कारण ती मुठीएवढी असते. पण तिला चार्जिंगचं व्होल्टेज नेमकं लागतं. मी गाडी बारा व्होल्टवर नेतोय, तिथे जुन्या पद्धतीच्या रेग्युलेटरवर 15 व्होल्टच्या वर गेली की ती बिघडते, म्हणून तो विचार सोडला.

आता अर्थिंग. जुन्या गाडीत फ्रेम हीच परतीची वायर असते. आपण फ्रेम सँडब्लास्ट करतो, पावडर कोट करतो, ती सुंदर दिसते आणि प्रत्येक बोल्टखाली वीज अडवणारा थर बसतो. मग दिवा लागतो, हॉर्न वाजवला की मंद होतो, आणि मेकॅनिक कॉइल बदलत बसतो. मी अर्थिंगची वेगळी वायर टाकणार. बॅटरीच्या ऋण टोकापासून इंजिनाला, फ्रेमला आणि पुढे हेडलाइटपर्यंत. जोड टाके न घालता थिंबल दाबून करणार. कथील तारांमधून वर चढतं, तिथे वायर कडक होते, आणि ही गाडी नेमकी त्या कडक जागेच्या तोंडाशी तिला तोडते.

सहा व्होल्टवरून बारावर जाण्याचं कारणही हौसेचं नाही, हिशेबाचं आहे. 35 वॉटचा दिवा सहा व्होल्टवर जवळपास 6 अँपियर खातो, बारावर 3. वायरीत जाणारं व्होल्टेज निम्मं होतं, आणि मुळात व्होल्टेज दुप्पट असल्याने त्याचा वाटा पावच उरतो. गंजलेल्या एका जोडाला 0.1 ओहमचा अडथळा असला तरी सहा व्होल्टच्या गाडीत 0.6 व्होल्ट तिथेच जातात, म्हणजे दहावा हिस्सा. आणि उजेड व्होल्टेजपेक्षा फार वेगाने घटतो. दहा टक्के व्होल्टेज गेलं की सुमारे तीस टक्के उजेड जातो. पावसाळ्यात रात्री वरंध घाटात सहा व्होल्टवर गाडी चालवणं मूळ असेल, पण शहाणपणाचं नाही.

राखणारा : त्या उजेडाविरुद्ध मी बोलणार नाही. पण बारा व्होल्टवर जायचं तर स्टेटर, रेग्युलेटर-रेक्टिफायर, इग्निशन कॉइल, बॅटरी, सगळे बल्ब आणि हॉर्न बदलावे लागतात. एवढं करताना गाडीच्या बाहेरच्या रूपाला बोटही लावावं लागत नाही. सगळं बाजूच्या पेटीत आणि कॅस्केटच्या आत मावतं. अर्थिंगची तुझी वेगळी वायर, फ्यूज, रिले, दाबलेले थिंबल हे सगळं मूळ जागेवर राहून करता येतं. तुझी सुरक्षिततेची सगळी कारणं मला मान्य आहेत, आणि त्यातलं एकही कॅस्केट काढायला सांगत नाही. कॅस्केट काढण्याचं कारण दिसणं हेच आहे, हे आपण सरळ म्हणू.

घडवणारा : म्हणू. दिसणंच आहे. आणि दिसण्याला मी हलकं मानत नाही. ज्या गाडीकडे बघून मनाला बरं वाटतं तिला माणूस रोज किक मारतो, तिचं तेल वेळेवर बदलतो. माझ्या ओळखीत कितीतरी मूळ अवस्थेतल्या बुलेट गॅरेजमध्ये चादरीखाली आहेत. टाकीत पेट्रोलचा डिंक झालाय, पिस्टन रिंगा चिकटल्यात. तिथे काय जतन झालं?

राखणारा : चादरीखालची गाडी निदान पुढच्या माणसाला पूर्ण मिळते. डिंक धुता येतो, रिंगा बदलता येतात. उडवलेले कान परत येत नाहीत. आणि कायद्याचंही बघ. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं, की नोंदणीतला तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापासून वेगळा पडेल असा बदल मालकाने करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019मध्ये तेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम 182अ आलं, आणि परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. तू दोघांची सीट काढून एकाची करणार आहेस. आसनसंख्या आरसीवर लिहिलेली असते.

त्यातून 2021मध्ये विंटेज गाड्यांचे नियम आले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न केलेली गाडी वेगळ्या नोंदणीला पात्र ठरते, तिच्या नंबरात व्हीए अक्षरं येतात. तुझी गाडी 2028मध्ये पन्नाशी गाठेल. आज ग्राइंडर लावून तो हक्क तू पुढच्या मालकाच्या वतीने सोडून देतो आहेस.

घडवणारा : सीटचं मी मागे घेतो. आसन दोघांचंच राहील, मागचा भाग बारीक करता येईल. पण विंटेज नोंदणी झालेली गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, मेळाव्याला, प्रदर्शनाला वगैरेच नेता येते. म्हणजे कायदा तिला वस्तुसंग्रहालयाच्या दारात नेऊन उभी करतो. मला ती भाजी आणायला हवी आहे. आणि कायद्याच्या दुसऱ्या अंगाला मी घाबरतो ते मला लपवायचं नाही. बॅटरी कुठे आहे हे आरसीवर लिहिलेलं नसतं, हेडलाइटचं कवच कुठलं हेही नाही, पण तपासणीला उभं राहिल्यावर समोरचा माणूस ते कसं वाचेल हे कुणी आधी सांगू शकत नाही. म्हणून चेसिस नंबरच्या आसपास काहीही नाही, सायलेन्सर कंपनीचाच, आरसे आणि इंडिकेटर जागच्या जागी. रस्त्यावर दणदणाट करून लोकांची झोप मोडणाऱ्या सायलेन्सरवर पोलीस रोलर फिरवतात, ते मला योग्यच वाटतं. त्या दणदणाटाने सगळ्या घडवणाऱ्यांचं नाव खराब केलंय.

पण यापलीकडे माझं एक म्हणणं आहे, आणि ते तुमच्या हिशेबात बसत नाही. माझ्याबरोबर आयटीआयमधून बाहेर पडलेली दोन पोरं काम करतात. फिटरचा ट्रेड केलेली. त्यांनी शाळेत लोखंडाचा चौकोनी ठोकळा कानशीने घासून काटकोनात आणला, गुण मिळवले, आणि त्यानंतर नोकरीत त्यांना जुना भाग काढून नवा भाग बसवण्यापलीकडे काही करायला मिळालं नाही. या गाडीवर ती पुठ्ठा कापायला शिकली, पत्र्याची दिशा बघायला शिकली, वायरिंगचा आराखडा स्वतः काढायला शिकली. मूळ भागांचं खोकं उघडून बोल्ट आवळताना हे शिकता आलं नसतं. 1978ची फ्रेम तुम्ही राखा म्हणता. ती ज्या हातांनी घडली तसे हात राखायचे तर त्यांना घडवायला काहीतरी द्यावं लागेल.

राखणारा : हे तू बोललास ते मला आतपर्यंत गेलं, आणि याला माझ्याकडे उलट उत्तर नाही. फक्त एवढंच विचारतो, की त्या पोरांना शिकायला हीच फ्रेम हवी का? भंगारात फ्रेमा आहेत, कागदपत्र गेलेल्या, वाकलेल्या. त्यांच्यावर काप द्यावा, त्यांच्यावर आर्गनचं वेल्डिंग शिकावं. पूर्ण उरलेली गाडी आता रोज कमी होते आहे. इंग्लंडमधलं उत्पादन 1970पर्यंत थांबलं आणि मद्रासच्या कारखान्याने बुलेटची रचना पुढे चाळीस वर्षं जिवंत ठेवली. त्या काळातल्या गाड्या किती कमी न बदललेल्या उरल्यात हे मला कामातून दिसतं.

घडवणारा : वाकलेल्या फ्रेमवर शिकता येतं, पण तिच्यावरून घरी जाता येत नाही. शिकणाऱ्याने घडवलेली वस्तू रस्त्यावर टिकली की नाही हे कळल्याशिवाय शिकणं पूर्ण होत नाही. आणि काका, उलट फिरवता येईल असंच करायचं हा नियम मी घातला, तर तोही फुकट येत नाही. बोल्टने आवळलेली पट्टी वेल्डपेक्षा जड होते. जुन्या कानांना सांभाळत गेलो की आकार तडजोडीचा होतो. तुम्ही माझ्याकडून जे मागताय ते गाडीसाठी मोठं आहे, माझ्या कामासाठीही मोठं आहे.

राखणारा : मोठं आहे, म्हणूनच मागतोय. कॅस्केटबद्दल आपलं जुळणार नाही. तू ते काढशील, आणि पकड हिशेब करून घेतलेली असेल तर मी तुला अडवू शकत नाही. कानांबद्दलही जुळलेलं नाही. पण ज्यावर जुळलंय ते लिहून ठेवूया, कारण गॅरेजमध्ये संध्याकाळी घाई झाली की हेच विसरायला होतं. फ्रेमजवळ वेल्डिंग करायचं असेल तर बॅटरीची दोन्ही टोकं आणि रेग्युलेटर सोडव. टाकी काढून दुसऱ्या खोलीत ठेव. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची, कारण आत वाफ असते आणि वाफच पेटते. नवं वायरिंग टाकल्यावर फ्यूज आधी लहान लाव, मग वाढव. पहिल्या हजार किलोमीटरनंतर प्रत्येक घडवलेला भाग उघडून कोपरे भिंगाने बघ.

घडवणारा : आणि कान?

राखणारा : कान उडवण्याआधी एक पावसाळा गाडी तशीच चालव. ते लटकणारे तुकडे त्यानंतरही खुपले तर तुझा हात, तुझी गाडी. पण वायरिंगचा आराखडा आजच काढ. प्रत्येक वायरीचा रंग, जाडी, कुठून कुठे जाते, कुठला फ्यूज किती अँपियरचा, रिले कुठे, बॅटरीचं कुठलं टोक फ्रेमला. प्लेट कुठल्या धातूची, किती जाडीची, कुणाकडून करून घेतली तेही लिही. कागद प्लास्टिकमध्ये घालून सीटखाली ठेव, आणि गाडी कधी विकलीस तर आरसीबरोबर तो कागदही घेणाऱ्याच्या हातात दे.